जर्सी सगळ्यात शेवटी

रविवारी संध्याकाळची ड्युटी असली की मी एक्स-रेच्या टेबलाशेजारी ओले फडके तयार ठेवतो. दिवाळी संपून जमीन वाळली की मिरगापर्यंत दर दोन-तीन रविवारांआड कोणीतरी लाल माती घेऊन आत येतो. कपड्यांवर माती, केसांत माती, खरचटलेल्या कोपरात रुतलेले जांभ्याचे बारीक खडे. फिल्म झाली, रुग्ण बाहेर गेला, की टेबल पुसायचे आणि पुढच्याला आत घ्यायचे.

मागच्या हिवाळ्यात असाच एक मुलगा आला. वय १९. अंगात झगझगीत नारिंगी जर्सी, पाठीवर नंबर, हातांत पेरांवर कडक प्लास्टिक बसवलेले मोजे. पायांत मात्र कॉलेजला घालतात तसले कापडी बूट. उजवा घोटा करवंटीएवढा सुजला होता. बूट निघेना, तेव्हा कात्रीने कापला. सोबतचा मित्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "काका, उडी नव्हती हो. वळणावर नुसता पाय टेकवला." फिल्मवर घोट्याची दोन्ही बाजूंची हाडे मोडलेली दिसली. सगळ्यात भारी वस्तू त्याच्या अंगावर होती, आणि जिथे मोडले तिथे दीड मिलिमीटर कापड होते.

मी गेली २४ वर्षे रत्नागिरीत एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम करतो. मी डॉक्टर नाही, उपचार सांगणे माझे काम नाही. पण कशामुळे कोणते हाड मोडते याचा हिशेब इतक्या वर्षांत डोक्यात आपोआप साठतो. एप्रिल-मेमध्ये आंबा काढताना झाडावरून पडलेले येतात, त्यांची टाच आणि कंबरेचा मणका आधी बघायचा. पावसात शेवाळावरून घसरलेल्या आज्यांचे मनगट. आणि लाल मातीवाले हे मुलगे आले की घोटा, नडगी, गुडघा, मनगट आणि गळ्याखालचे आडवे हाड. हा क्रम फारसा चुकत नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे आहे, की डर्ट बाइक चालवणाऱ्याने अंगावर काय घालायचे याचा क्रमही हाडांकडून घ्यावा. मुले तो आरशाकडून घेतात. आधी जर्सी, मग मोजे, मग उरलेल्या पैशांत मिळेल ते हेल्मेट, आणि बूट 'पुढच्या वेळी'. हा क्रम पूर्ण उलटा केला पाहिजे, आणि तो उलटा करणे ही एकट्या मुलांची जबाबदारी नाही.

डर्ट बाइकच्या शर्यतींचा हा खेळ, मोटोक्रॉस, काही कालचा नाही. मार्च १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीजवळच्या माळरानावर पहिली अशी शर्यत झाली असे मानतात. म्हणजे खेळाला १०० वर्षे होऊन गेली. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, मातीचे उंचवटे रचून, देशोदेशींचे रायडर आणून. त्याचे व्हिडिओ आमच्या वाड्यांमधल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचले. खरी मोटोक्रॉसची गाडी आमच्या मुलांच्या आवाक्याबाहेरची. तिला दिवे नसतात, आरसे नसतात, ती रस्त्यावर चालवताच येत नाही, टेम्पोत घालून न्यावी लागते. मग मुले काय करतात? जुनी स्प्लेंडर घेतात, मडगार्ड काढतात, मागचे टायर बदलतात आणि बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणीत जातात. थोडी ऐपत असली तर मातीतही चालणारी एक्सपल्स. खाणीतल्या पायऱ्या, उतार आणि मातीचे ढीग यांवरच उड्या शिकतात.

मला या मुलांचा राग येत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा त्यांच्यातलाच आहे. त्याला मी खाणीच्या कडेवरून चालवताना पाहिले आहे. गुडघ्यांत गाडी धरून उभा राहिलेला, मान सरळ, नजर पुढच्या वळणावर. एरवी घरात दोन मिनिटे एका जागी न बसणारा हा मुलगा तिथे पूर्ण एकाग्र असतो. त्याला 'सोड ते' असे सांगायला माझी जीभ वळली नाही. त्याऐवजी मी त्याला माझ्या खोलीत बोलावले आणि दाराशी टांगलेला शिशाचा एप्रन उचलायला लावला.

"मामा, केवढा जड आहे हा!"

"रोज घालतो मी. २४ वर्षे."

क्ष-किरण दिसत नाहीत. अंगाला लागत नाहीत. रॉन्टगेनने ते १८९५ मध्ये शोधले तेव्हा त्यांचा धोका कोणालाच ठाऊक नव्हता. त्या काळातले तंत्रज्ञ यंत्र नीट चालते का हे बघायला स्वतःचाच हात मध्ये धरत. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली असाच काम करत राहिला. हातांवर जखमा झाल्या, मग हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. त्याच्यासारख्या माणसांच्या मरणातून आमचा एप्रन आला. आज माझ्या छातीवर एक छोटा बॅज असतो, मला किती किरणे लागली ते त्यावर नोंदले जाते, आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. मी शूर आहे की भित्रा, हा प्रश्न यात कुठे येतच नाही. एप्रन घातल्याशिवाय बटण दाबायचे नाही, एवढेच. भाच्याला मी हेच सांगितले, की तुझा खेळही असाच शिकायचा. अंग झाकल्याशिवाय किक मारायची नाही.

त्याने ३० हजार रुपये साठवले होते. कागदावर यादीही केलेली होती. मी ती यादी उलट्या क्रमाने लिहायला सांगितली.

पहिले हेल्मेट. १९३५ च्या मे महिन्यात 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून जात असताना सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला गेला आणि फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी तो मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने त्यांना अस्वस्थ केले. पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने आपला निबंध प्रसिद्ध केला. आपण आज जे डोक्यावर चढवतो त्याच्या मुळाशी एक मरण आणि एका डॉक्टरची चिकाटी आहे.

हेल्मेट काम कसे करते हे समजले की निवडणे सोपे जाते. बाहेरचे कवच आघात पसरवते. आतला थर्मोकोलसारखा जाड थर, त्याला ईपीएस म्हणतात, तो दबतो. दबायला जो क्षण लागतो तेवढाच वेळ मेंदूला मिळतो. हा थर एकदा दबला की परत फुगत नाही. बाहेरून हेल्मेट नवे दिसते, आत मात्र ते संपलेले असते. आमच्या एप्रनचेही तसेच आहे. त्याची कधी घडी घालायची नाही, घडीवर आतला शिशाचा थर तडकतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणून ठरावीक काळाने आम्ही एप्रनचाच एक्स-रे काढतो. हेल्मेटचा एक्स-रे कोणी काढत नाही. तेव्हा नियम साधा ठेवावा: डोके आपटले की ते हेल्मेट बाद. आणि कोणाचे वापरलेले हेल्मेट कधीही घेऊ नये, कारण त्याने काय काय सोसले आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

मातीत चालवायचे हेल्मेट रस्त्यावरच्यापेक्षा वेगळे असते. हनुवटीचा भाग पुढे आलेला असतो, कारण मातीत धाप लागते आणि श्वासाला जागा हवी. वर टोपीच्या झडपेसारखा पुढे आलेला भाग असतो, तो ऊन आणि पुढच्या गाडीने उडवलेली खडी अडवतो. काच नसते, गॉगल वेगळा लावायचा असतो. रस्त्यावरचे हेल्मेट मातीत घातले तर काच बंद केल्यावर आमच्या दमट हवेत ती लगेच धुके धरते, आणि उघडी ठेवली तर खडा थेट डोळ्यात.

खूण आयएसआयचीच बघावी. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीचे हेल्मेट त्या मानकाशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. खुणेच्या वर आयएस ४१५१ हा आकडा असतो, खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये घातला की कंपनीचे नाव समोर येते. मी हे सांगतो, कारण मी स्वतः एकदा फसलो आहे. हायवेच्या कडेला एका स्टॉलवरून घरातल्या माणसासाठी हेल्मेट घेतले. चकचकीत खूण होती. घरी येऊन नखाने खरवडली तर निघून आली, आणि आत ईपीएसच्या जागी गादीसारखा स्पंज निघाला. ते मी तोडून टाकले, दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून.

माप टेपने घ्यावे, भुवयांच्या बोटभर वरून, डोके सगळ्यात रुंद आहे तिथून. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. डोके स्थिर धरून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवले तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकलले तरी निघता कामा नये. 'थोडे मोठे घेऊ, वाढत्या अंगाचा आहे' हा विचार शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. हेल्मेटला तो घातक आहे. मोठे हेल्मेट आघाताच्या आधीच जागचे हलते.

दुसरे बूट. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण हेल्मेटचे महत्त्व आता निदान तोंडाने तरी सगळे मानतात. बुटांचे कोणी मानत नाही. वळणावर रायडर आतला पाय पुढे काढतो, तोल सांभाळायला. गाडीचे वजन शंभर-दीडशे किलो. पाय जमिनीत अडकला आणि गाडी पुढे गेली, की पाऊल तिथेच राहते आणि नडगी फिरते. 'नुसता पाय टेकवला' म्हणजे हेच. मोटोक्रॉसचा बूट गुडघ्याच्या जरा खालीपर्यंत येतो. नडगीवर कडक प्लास्टिकची ढाल, चार बकले, चवड्यावर टोपी, तळव्यात पोलादी पट्टी. घोटा पुढे-मागे वाकतो, बाजूला वाकत नाही. नेमके तेवढेच हवे असते. पावसाळी गमबूट, ट्रेकिंगचे बूट, पोलिसी बूट यांतले काहीही ते काम करत नाही, कारण ते घोटा झाकतात, धरत नाहीत. नवे बूट लाकडासारखे लागतात, गिअरचा दांडा पायाला कळत नाही. भाचा पहिल्या दिवशी वैतागला होता. मी त्याला ते घालून आठ दिवस अंगणात चालायला लावले. दुसऱ्या आठवड्यात पाय रुळला.

हेल्मेट आणि बूट यांतच त्याच्या ३० हजारांपैकी दोन तृतीयांश गेले. जायलाच हवे होते.

तिसरा गॉगल, चौथे गुडघे, पाचवी छाती-पाठ. गॉगल आरशासारख्या काचेचा नको, साधा पारदर्शक घ्यावा. खाणीत एका बाजूला टळटळीत ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असते, गडद काचेने सावलीतला खड्डा दिसत नाही. चेहऱ्याला लागणारा फोम जाड हवा, घाम तो पितो. गुडघ्याला दोन प्रकार मिळतात. एक नुसती वाटी, आपटण्यापासून वाचवणारी. दुसरा बिजागरीचा, गुडघा उलटा वाकू नये म्हणून धरून ठेवणारा. दुसरा महाग आहे. शिकणाऱ्याने निदान वाटी तरी घ्यावी, ती पँटच्या आत घालावी आणि तिचे खालचे टोक बुटात जाईल असे बघावे, नाहीतर पडताना ती फिरते आणि गुडघा उघडा पडतो.

छाती-पाठीच्या कवचात मोठी फसगत होते. काही कवचे फक्त उडणारी खडी अडवायला बनवलेली असतात, आपटण्याची त्यांना परीक्षाच नसते. दिसायला दोन्ही सारखीच. आतल्या लेबलवर बघावे. युरोपीय मानकाचा क्रमांक असतो: पाठीसाठी ईएन १६२१-२, छातीसाठी ईएन १६२१-३. पाठीच्या चाचणीत साधारण ५ किलोचे वजन मीटरभर उंचीवरून पडावे एवढा आघात करतात आणि पलीकडे सरासरी किती जोर पोहोचला ते मोजतात. पहिल्या पातळीत १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, दुसऱ्या पातळीत ९ पर्यंतच. म्हणजे 'लेव्हल २' लिहिलेले कवच निम्माच जोर आत येऊ देते. दुकानदाराला हे विचारायला लाजू नये. त्याला उत्तर देता आले नाही तर ते कवच मागे ठेवावे.

मानेचे कडे, कोपराच्या वाट्या, मोजे, यानंतर. मानेचे कडे दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस लेट या डॉक्टरने बनवले, डोळ्यांदेखत एका रायडरचा मृत्यू पाहिल्यावर. ती चांगली गोष्ट आहे, पण ते हेल्मेट आणि छातीच्या कवचाबरोबर नीट बसले तरच. स्वस्त नकला घेऊ नयेत. मोजे साधे, पातळ तळव्याचे चालतात, ब्रेकचा दांडा बोटांना कळला पाहिजे. आणि जर्सी सगळ्यात शेवटी. भाच्याची पहिली जर्सी म्हणजे त्याचा जुना लांब बाह्यांचा फुटबॉलचा टी-शर्ट होता. जांभा कातडी खोबऱ्यासारखी किसून काढतो, तेव्हा बाह्या लांब हव्यात, कापड घाम वाळवणारे हवे. त्यावर कोणाचे नाव छापले आहे याने हाडांना काही फरक पडत नाही.

हे सगळे घातले तरी काही हाडे मोडतात, हे मी लपवणार नाही. गळ्याखालचे आडवे हाड खांद्यावर पडल्यावर मोडते, त्याला अडवणारे खात्रीचे कवच नाही. अंगठ्याच्या मुळाशी काजूगराएवढे एक हाड असते, स्कॅफॉइड. हात टेकून पडले की ते तडकते, आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. मुलगा 'काही नाही झाले' म्हणत निघून जातो. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा आहे, दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही आणि मनगट जन्माचे दुखते. तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिले तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा फिल्म काढायला या. डॉक्टर सांगतात तेव्हा टाळू नका.

बारा-चौदा वर्षांच्या मुलांबद्दल आईवडिलांना वेगळे सांगायचे आहे. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते, कूर्चेची. फिल्मवर ती काळ्या रेघेसारखी दिसते. तिथे मार बसला तर हाडाची वाढ तिरकी होऊ शकते किंवा थांबू शकते. अशा मुलाचा एक्स-रे बघताना कधी कधी दुसऱ्या, बऱ्या हाताचाही एक्स-रे शेजारी ठेवावा लागतो. या वयातले मूल शर्यतीत घालायचे असेल तर त्याच्या मापाची छोटी गाडी, त्याच्या मापाचे सगळे सामान आणि शिकवणारा माणूस हवाच. वडिलांची गाडी आणि मोठ्या भावाचे हेल्मेट देऊ नका.

आता मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला उकाड्याचा. "मे महिन्यात रत्नागिरीत हे सगळे घालून माणूस शिजेल." खरे आहे. म्हणून मे महिन्यात सकाळी साडेसहाला सुरू करून साडेआठला थांबावे, पाणी-मीठ-साखर बरोबर ठेवावी, चक्कर आली तर गाडी बंद. उकाडा हे चालवण्याची वेळ बदलण्याचे कारण आहे. बूट काढण्याचे नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरोखर मोठा आहे. जिथे गाडीच १५-२० हजारांची जुनी, तिथे ३० हजारांचे सामान कुठून आणायचे? माझ्याकडे याचे उत्तर आमच्या वाडीत आहे. आमच्याकडे लग्नकार्यासाठी वाडीची भांडी असतात. मोठी पातेली, घंगाळी, पराती. प्रत्येकाला एवढी भांडी घेणे परवडत नाही आणि रोज लागतही नाहीत, म्हणून सगळ्यांनी मिळून घेतलेली, वहीत नोंद करून न्यायची, घासून परत आणायची. तसेच वाडीचे बूट का नसावेत? सात, आठ, नऊ, दहा नंबरचे चार जोड, तीन छातीची कवचे, चार जोड गुडघ्याच्या वाट्या, एक पेटी, एक वही. मुलांचे पाय वाढतात, बूट लहान होतात, ते पेटीत परत यावेत. क्रिकेटच्या मंडळाचे किट सगळे मिळून घेतात, त्यासाठी वर्गणी निघते, त्यासाठी पुढारी देणगी देतात. पुढच्या वेळी कोणी जर्सी वाटायला आले तर मुलांनी स्पष्ट सांगावे, साहेब, जर्सी नको, बूट द्या. फक्त हेल्मेट पेटीत ठेवू नये. ते ज्याचे त्याचेच असावे.

आणि प्रशासनाकडे माझे एक मागणे आहे. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये, जिथे एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे नियम लागतात, तिथे ट्रॅकवर जाण्याआधी गाडीबरोबर रायडरचे हेल्मेट आणि सामानही तपासतात. आमच्या खाणीत तपासणारे कोणी नाही, कारण ती मुले तिथे चोरूनच असतात. चोरून असल्यामुळे पडल्यावर ती १०८ ला फोन करायलाही कचरतात. मित्राला दोघांच्या मध्ये बसवून स्कूटरवरून आणतात. मान किंवा पाठ मोडलेल्या माणसाला असे आणणे म्हणजे काय, हे मी फिल्मवर पाहिले आहे. पडलेल्याचे हेल्मेट ओढून काढायचे नसते, एकाने डोके आणि मान धरायची आणि दुसऱ्याने सावकाश काढायचे, आणि श्वास नीट चालू असेल तर ते कामही जाणकार येईपर्यंत थांबवायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. त्यात डोक्याची मोठी दुखापत असली की आमचे रुग्ण पुष्कळदा आंबा घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागतात, सुमारे १३० किलोमीटर.

म्हणून जिल्ह्यात एक जागा अधिकृत करावी. संपलेली एखादी चिऱ्याची खाण किंवा औद्योगिक वसाहतीतला पडीक भूखंड. कातळशिल्पे असलेले सडे, म्हणजे कातळाची पठारे, मात्र अजिबात नकोत. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ इथली चित्रे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. हजारो वर्षे टिकलेली रेघ आमच्या टायरखाली झिजली तर ते पाप आपल्याच माथी. मुलांना दुसरी जागा दिली तरच 'सड्यावर जाऊ नका' हे सांगायचा आपल्याला अधिकार राहील. त्या जागेच्या फाटकावर एक माणूस असावा आणि एक पाटी: हेल्मेट, बूट, गॉगल, छातीचे कवच. चारांतले एक नसेल तर गाडी बंदच. रविवारी दोन तास एक स्ट्रेचर आणि प्रथमोपचार येणारा एक जण. याला कोट्यवधींचा निधी लागत नाही.

उत्तम सामान घातलेले मोठे रायडरही पडतात. डाकारची शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरबस्तानात त्याच शर्यतीत पडले, डोक्याला मार बसला, डॉक्टरांनी त्यांना काही दिवस औषधाने बेशुद्ध ठेवले. ते वाचले, घरी परत आले. सामान धोका पुसून टाकत नाही. ते फक्त 'गेला'च्या जागी 'जखमी', आणि 'जखमी'च्या जागी 'खरचटले' असे लिहिण्याची शक्यता वाढवते. देशात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यांवर मेले, असे सरकारचा स्वतःचा अहवाल सांगतो. खाणीतून घरी परतताना आमची मुले हेच हेल्मेट कोपराला अडकवून हायवेवरच्या हातखंब्याच्या दिशेने जातात. मातीत लागलेली सवय डांबरावरही टिकली पाहिजे.

गेल्या महिन्यात भाचा संध्याकाळी माझ्या खोलीत आला, चालत. वळणावर मागचे चाक सरकले, पाय खाली अडकला, गाडी अंगावर आली. बुटाचे तिसरे बकल तुटले होते, नडगीच्या प्लास्टिकवर लांब ओरखडा होता. मी त्याला टेबलावर बसवून घोटा दाबून पाहिला, बोटे हलवायला लावली, उभे केले. डॉक्टरांनीही पाहिले. फिल्म काढायची गरज पडली नाही. नवे बकल काहीशे रुपयांना आले.

तुटलेले मी ठेवून घेतले आहे. माझ्या टेबलावर, पेन ठेवायच्या डबीत. लाल माती घेऊन येणारे मुलगे फिल्म तयार होईपर्यंत ते हातात घेऊन बघतात आणि विचारतात, "काका, हे काय आहे?" मी सांगतो, हे माझ्या भाच्याच्या घोट्याऐवजी मोडले.